शास्त्रवार्ता : कणाची पकड

धार लावणाऱ्याचें जुनें चाक वाचकांना आठवत असेल. त्यांत कुरुंदाचे कण लाखेनें जखडलेले असत. कुरुंद म्हणजे संस्कृतांतील कुरुविंद. आणि लाख तर आमच्या चामोर्शीकडील पळसांच्या रानांतली.

विमानाच्या टर्बाइनांतहि हीच युक्ति आहे. पात्याचें टोंक व भोंवतालचें कवच यांत फट अधिक राहिली, तर तप्त वायु काम न करितां निसटतो व इंधन व्यर्थ जातें. फट फार कमी ठेवली, तर तापून लांबलेलें पातें कवचास घांसून स्वतःच झिजतें. म्हणून टोंकावर क्यूबिक बोरॉन नायट्राइडचे कण बसवितात. वेंटॉर्फ यांनीं १९५७ सालीं प्रथम बनविलेला हा पदार्थ काठिण्यांत हिऱ्याच्या खालोखाल आहे. पातें विद्युत्-द्रावणांत ऋणध्रुव करितात. टोंकावर पसरलेल्या कणांभोंवतीं निकेल सांचून त्यांस मुळाशीं धरतें. येथेंच कौशल्य आहे. कण पुरता बुडाला तर कापीत नाहीं. उघडा राहिला तर गळतो.

असें टोंक कवचाच्या मऊ अस्तरांत आपली खोबण आपणच कोरतें. प्रखर उष्णतेंत हे कण पुढें जळून जातात. परंतु खोबण तयार झालेली असते. आमच्यासारख्या निवृत्त मास्तरांनीं याहून अधिक काय इच्छावें?