पातळी सांगा, जाब विचारू नका

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फूट गाठले की धोक्याची पातळी. खासगी एफएमवाल्याला हा आकडा सांगता येतो, कारण तो प्रशासनाने दिलेला असतो. पूररेषेत इमारती कुणी उभ्या राहू दिल्या, हे मात्र त्याच माइकवरून विचारायचं नाही. ती झाली बातमी! आणि बातम्यांना बंदी. आकाशवाणीचं बातमीपत्र काना-मात्रा न बदलता लावायचं, एवढीच मुभा.

का? सरकारने सर्वोच्च न्यायालयात सुरक्षेचं कारण पुढे केलं. टीव्ही वाहिन्या चोवीस तास किंचाळतात, चौकातला पोरगा मोबाइल धरून यूट्यूबवर ‘ब्रेकिंग’ देतो. त्याने देश डगमगत नाही, आणि नांदेडच्या आरजेने गटारांबद्दल तोंड उघडलं की डगमगणार? टोमॅटो एफएम ‘पुढारी’चं, माय एफएम ‘दैनिक भास्कर’वाल्यांचं, रेडिओ सिटी ‘जागरण’वाल्यांचं. मालक तोच, वार्ताहर तेच. पहाटे छापलेली बातमी सकाळी माइकवर वाचली की नियमभंग! असला तर्क कोणत्या न्यायशास्त्रात बसतो?

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्या द्यायची शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० एफएम वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला, मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असं जाहीर केलं, आणि बंदी जिथल्या तिथे ठेवली. स्थानिक कार्यक्रम हवेत, पण गावात काय घडलं ते सांगायचं नाही. मग उरतं काय? गाणी आणि खिदळणं.

पण एफएमवाल्यांना मी मोकळं सोडणार नाही. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, परीक्षांचे निकाल, नोकऱ्या, गावच्या सामन्यांचं धावतं वर्णन, हे सगळं सरकारच्या तिसऱ्या टप्प्याच्या एफएम धोरणात चालतं. कुस्तीच्या गावात कुस्तीचं धावतं वर्णन लावायला कुणी हात धरलाय? पण त्याच धोरणाने नेटवर्किंगची सवलत दिली: कार्यक्रम एकदा बनवा, आपल्या सगळ्या स्टेशनांवर वाजवा. स्वस्तात काम. श्रोते मोजणारी ‘रॅम’ पद्धत होती चार महानगरांपुरती. धुळ्या-जळगावच्या श्रोत्याची मोजदादच नाही. म्हणून प्रत्येक जण शेजारच्या स्टेशनचं ऐकतो आणि तीच हिंदी गाणी लावतो. याला हे ‘फॉरमॅट’ म्हणतात! अहो, गाणी तर फोनवर फुकट मिळतात, तीही हवी तेव्हा. मुंबईच्या ॲपकडे नाही असं तुमच्याकडे एकच आहे: तुमचं गाव. तेच तुम्ही वाऱ्यावर सोडलंत.

माण तालुक्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ पाहा. २००८ पासूनचा सामुदायिक रेडिओ. परवान्याची मर्यादा १०० वॉट, आवाज पोचणार दहा-पंधरा किलोमीटर, बातम्यांची बंदी तिलाही. तरी ती माणच्या बायकांशी माणच्या बोलीत बोलते. कोट्यवधी मोजून परवाने घेणाऱ्यांना हे का सुचू नये?

गावच्या दुकानदारांनो, सराफांनो, क्लासवाल्यांनो, लहान शहरातलं स्टेशन तुमच्या जाहिरातींवर जगतं. पुढच्या वेळी त्यांचा माणूस दर घेऊन आला की दर नंतर पाहा. आधी विचारा: काल दिवसभरात आमच्या गावाबद्दल किती मिनिटं बोललात? उत्तर देता आलं नाही, तर पैसे देऊ नका.