स्पर्धेचा नियम आणि माणसाची अब्रू

पोलीस भरतीसाठी आगाशीसारख्या गावांतून पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलींना स्त्रियांचा स्वतंत्र गट का हवा, हे समजावून सांगावे लागत नाही. पौगंडावस्थेत पुरुषदेहाला लाभणारे बळ निराळे असते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी जनुकचाचणी अनिवार्य केली, ती याच कारणाने.

परंतु नियमाआडून माणसाची विटंबना होऊ लागली, तर न्याय उरत नाही. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या शांती सौंदराजनचे पदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. तिच्या देहाची चर्चा देशभर झाली. पुढे तिच्यावर वीटभट्टीत मजुरी करण्याची पाळी आली.

महाराष्ट्रात याहून सुज्ञ मार्ग निघाला. २०१८ च्या नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत लेखी व शारीरिक चाचणी उत्तीर्ण झालेल्या तरुणीच्या वैद्यकीय तपासणीत पुरुषी गुणसूत्रे आढळली. जन्मापासून ती मुलगी म्हणूनच वाढली होती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला सेवेत घेण्यास सांगितले. राज्य शासनानेही सहानुभूतीची भूमिका घेतली.

पदकाची शर्यत आणि पोटाची नोकरी यांचे निकष एक असू शकत नाहीत. शर्यतीत चाचणी अटळच असेल, तर ती स्पर्धेपूर्वी व्हावी आणि अहवाल बंद लिफाफ्यातच राहावा. अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडणाऱ्या समाजाने घरातल्या, गावातल्या अशा लेकरांकडे पाठ फिरवावी, हे त्या श्रद्धेला शोभणारे नाही.