टायर स्वस्त झाले. पण पिकअपला रस्त्याचे घ्यायचे की चिखलाचे?

नाशिक : गाड्यांच्या नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा तर 18 वरून थेट 5 टक्के झाला. ट्रॅक्टरचं कौतुक झालं, पण रोज कांदा, टोमॅटो, भाजीपाला, दूध ओढणाऱ्या पिकअपचा हिशेब मागेच राहिला.

हिशेब तसा सोपा आहे. कर सोडून 6,000 रुपये किमतीचा टायर धरला, तर आधी तो 7,680 रुपयांना पडायचा, आता 7,080 ला. म्हणजे एका टायरमागे 600 आणि चार टायरमागे 2,400 रुपये वाचतात. दुकानदार ‘जुना स्टॉक आहे’ म्हणाला तरी कर विक्रीच्या दिवशीच्या दरानेच लागतो. त्यामुळे पक्कं बिल मागावं. पुढे वॉरंटीचा वाद झाला तर तेच बिल कामाला येतं.

प्रश्न त्यापुढचा आहे. वाचलेला पैसा कोणत्या टायरमध्ये घालायचा?

गाडी चालते कुठे, ते आधी बघा

दुकानात गेलं की नजर पहिल्यांदा जाते ती खोल खाचांच्या, दणकट दिसणाऱ्या लग टायरवर. शेतात जायचंय, पावसाळ्यात चिखल असतो, मग असाच टायर पाहिजे, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण गाडीचा रोजचा रस्ता मोजला तर वेगळंच चित्र दिसतं. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातली पिकअप वावरातून निघते, दोन-तीन किलोमीटर कच्च्या रस्त्याने येते आणि डांबरीला लागते. पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजार समितीपर्यंत सगळा डांबरी रस्ता. माल वाशीला न्यायचा तर कसारा घाट उतरून जवळपास 200 किलोमीटरची धाव. म्हणजे तीन किलोमीटरच्या चिखलासाठी घेतलेला टायर उरलेला सगळा रस्ता डांबरावर आणि काँक्रीटवर घासत राहतो.

लग टायरचे मोठे ठोकळे चिखलात रुततात आणि गाडी ओढून काढतात, हे खरं. डांबरावर मात्र तेच ठोकळे दबतात, हलतात, तापतात आणि वेडेवाकडे झिजतात. आवाज वाढतो, डिझेल जास्त जातं. ओल्या रस्त्यावर रबर कमी टेकतं, त्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. सरळ रेघांचा रिब टायर याच्या उलट वागतो. तो कमी तापतो, स्टेअरिंग सरळ ठेवतो आणि पावसाचं पाणी रेघांमधून बाहेर काढतो.

म्हणून बहुतेक वेळ डांबरीवर चालणाऱ्या पिकअपला पुढे रिब टायरच योग्य. वावरात रोज शिरावंच लागत असेल, किंवा पेठ, सुरगाण्यासारख्या जास्त पावसाच्या भागात कच्चे रस्ते जास्त असतील, तर मागे मिश्र नक्षीचा टायर चालतो. पूर्ण लग टायर खडी-मुरूम वाहणाऱ्या, खाणीत जाणाऱ्या गाडीसाठी ठीक.

समृद्धीने गणित बदललं

5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून तो जातो, त्यामुळे इथल्या पिकअपही त्यावर चढू लागल्या.

गावच्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, वळणं यामुळे वेग आपोआप कमी होतो आणि टायरला श्वास मिळतो. काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासभर एकाच वेगाने गाडी पळते. हवा कमी असेल किंवा माल जास्त असेल, तर टायरची बाजू सतत वाकते, आतून तापते आणि शेवटी फुटते. उन्हाळ्याच्या दुपारी हा धोका आणखी वाढतो. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. झिजलेले टायर घेऊन येणाऱ्या गाड्या परिवहन विभागाने 2023 मध्ये या महामार्गावर तपासायला सुरुवात केली, त्यामागचं कारण हेच.

टायरवरचे आकडे वाचा

पिकअपच्या टायरवर साईजनंतर 106/104 असा आकडा आणि त्यापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. 106 म्हणजे एकटा टायर 950 किलो वजन पेलतो. 104 म्हणजे जोडीत लावला तर प्रत्येकी 900 किलो. 108 चा अर्थ 1,000 किलो आणि 112 चा 1,120 किलो. पुढचं अक्षर वेगाचं असतं : एल म्हणजे ताशी 120, एन म्हणजे 140 किलोमीटर.

आता मागच्या दोन टायरवर माल आणि गाडी मिळून 1,900 किलो येतात असं धरा. 106 चे दोन टायर बरोबर तेवढंच पेलतात. त्यावर आणखी टनभर कांदा चढवला तर त्यातला बराचसा भार मागेच जातो आणि एकेका टायरवर 400 किलोच्या आसपास जादा वजन पडतं. जाड प्लायचा टायर घेऊनही हे सुटत नाही, कारण रिम, एक्सल आणि ब्रेक जुनेच असतात. शिवाय ओव्हरलोड पकडलं गेलं तर 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड कायद्यात आहे. त्यापुढे करातले 2,400 कुठे पुरणार?

दुसरा आकडा तारखेचा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. 2325 म्हणजे 2025 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून दिलेला टायर दुकानात दोन-तीन वर्षं पडून नाही ना, हे यावरून कळतं.

तिसरी खूण टीडब्ल्यूआय. रेघांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली. चारचाकीसाठी कायद्याची मर्यादा तीच आहे. टायर पार गोटा होईपर्यंत थांबायचं नसतं.

स्वस्तातला टायर महाग पडतो

रिमोल्ड टायर निम्म्या किमतीत मिळतो. पण भाव किलोमीटरवर काढावा. समजा 6,500 चा टायर 40,000 किलोमीटर चालला, तर किलोमीटरला सव्वासोळा पैसे पडले. 3,000 चा रिमोल्ड 15,000 चालला, तर 20 पैसे. वाटेत रबर सुटलं आणि नाशवंत माल लिलावाला उशिरा पोहोचला, तर तो तोटा वेगळाच. रिमोल्ड लावायचाच असेल तर पुढच्या चाकांना कधीच नको.

नायलॉन आणि रेडियल हा आणखी एक घोळ. डांबरीवर लांब पळणाऱ्या गाडीला रेडियल कमी तापतो आणि जास्त टिकतो. पण एकाच एक्सलवर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन लावू नये. गाडी एका बाजूला ओढते.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत, जुने चांगले पुढे. माल उतरवून रिकामी परतणारी पिकअप मागून हलकी असते. पावसात ब्रेक मारला की शेपूट आधी घसरते.

हवेचा आकडा दारावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतो, भरलेल्या गाडीसाठी वेगळा आणि रिकाम्यासाठी वेगळा. टायर थंड असतानाच तो तपासावा. गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून सोडून दिली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते.

करात वाचलेले 2,400 रुपये अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह आणि नेहमी विसरली जाणारी स्टेपनी यांत घातले, तर नवे टायर एकसारखे झिजतील. चिखलात गाडी फसली तर शेजारचा ट्रॅक्टर ओढून काढतो. कसाऱ्याच्या उतारावर, ओल्या रस्त्यात, असा कुणी शेजारी नसतो.