पिशवी काढली, प्रश्न तिथंच राहिला

"ताई, डॉक्टर म्हणाले पिशवी सडलीय. काढली नाही तर कॅन्सर होईल." बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या बैठकीत एक ऊसतोड कामगार बाई हे बोलली, तेव्हा आणखी चौघींनी माना हलवल्या. त्यांनाही हेच ऐकवलं होतं. हिचं वय अठ्ठावीस. तक्रार काय? अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. तालुक्याच्या दवाखान्यात आतून तपासलं का? नाही. आधी औषधगोळ्या देऊन पाहिल्या का? नाही. सोनोग्राफी, सलाईन आणि तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. मी तिच्याबरोबर कागद मागायला गेले, तर डॉक्टरांनी मलाच विचारलं, "बाई बरी आहे ना? मग फाईल कशाला?"

बाई बरी नाही. तिची कंबर धरते, अंगातून वाफा निघतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले का, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ते काढले असतील तर तिशीच्या आतच पाळी गेल्याचे सगळे परिणाम तिच्या हाडांना, हृदयाला सोसावे लागणार. आणि अंगावरून जाणं हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, ते औषधानं बरं होतं.

२०१९ साली हा प्रश्न गाजला आणि सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा जणींमागे एक!

यावर डॉक्टरमंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: "बायाच मागतात." हो, काही जणी मागतात. पण का मागतात? नवराबायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो. फडाजवळ ना संडास, ना आडोसा, ना पुरेसं पाणी. अशा ठिकाणी पाळी हीच अडचण वाटू लागते. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घ्यायची आणि ती फेडायला पुन्हा ऊस तोडायचा. याला आपण 'निवड' म्हणायचं? कॅन्सरची भीती घालून घेतलेल्या अंगठ्याला 'संमती' म्हणायचं?

बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यात गर्भाशय काढायचं नाही, असा नियम २०१९ मध्ये झाला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सर्व राज्यांना बजावलं. हे हवंच होतं. पण नुसती परवानगीची चिठ्ठी बाईचं दुखणं बरं करत नाही. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास मांडला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. सरकारी यंत्रणेला बाईचं गर्भाशय आठवतं ते कुटुंबनियोजनापुरतं. दुखण्यासाठी तिला खाजगी दवाखान्याची पायरी चढावी लागते आणि तिथं तिचं गर्भाशय हे कमाईचं साधन होतं.

म्हणून आपली मागणी दुहेरी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी स्त्री-डॉक्टर, आतून तपासणी आणि औषधं हवीत. फडावर जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी हवी. फडावर संडास, पाणी आणि खाड्याचा दंड बंद! दुसरीकडे, प्रत्येक शस्त्रक्रियेचं कारण लेखी, मराठीत, बाईच्या हातात पडलं पाहिजे. मागितल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनीच बंधनकारक आहे. रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं महाराष्ट्रात २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्या तालुक्यात ती कुठे दिसते का?

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा एकच प्रश्न विचारू या: तुझे कागद कुठे आहेत? आणि नसतील, तर ते मागायला तिला एकटीला पाठवू नका. दहा जणी मिळून जा.