एकाच झाडाच्या बियांनी रान होत नाही



सुतारकाम व फर्निचरच्या कामावर जाणाऱ्या आपल्या बांधवांना ‘स्टीम बीच’ हे नाव चांगले ठाऊक आहे. फिकट गुलाबीसर, घट्ट आणि रंधा मारला की गुळगुळीत होणारे हे लाकूड युरोपातून येते. वाफेवर मऊ करून ते वाकवता येते. व्हिएन्नाच्या थोनेट यांनी 1859 साली काढलेली वाकवलेल्या लाकडाची प्रसिद्ध खुर्ची याच झाडाची. बीचच्याच लगद्यापासून ‘मोडाल’ नावाचा मऊ धागा निघतो आणि त्याचे बनियन, टी-शर्ट बाजारात मिळतात. म्हणजे हे झाड आपल्या हाताला आणि अंगालाही लागते. पण त्याचे बी कोण राखतो? आज त्याचीच माहिती घेऊ.

प्रथम एक घोटाळा दूर करू. इंग्रजांनी आपल्या करंजाला ‘इंडियन बीच’ असे नाव दिले. परंतु करंज हा शेंगा धरणाऱ्या, डाळींच्या कुळातला आणि खरा बीच हा ओकच्या कुळातला. दोघांचे नाते फक्त नावापुरते.

खऱ्या बीचची रानं दक्षिण स्वीडनपासून इटलीच्या सिसिली बेटापर्यंत पसरली आहेत. हिमयुगात हे झाड दक्षिणेकडच्या थोड्याशा जागी तग धरून राहिले. हवा उबदार होत गेली तसे हजारो वर्षांत ते उत्तरेकडे सरकले. ज्या मुलखात ते पिढ्यानपिढ्या राहिले, तिथल्या थंडीपावसाशी जुळणारे गुण त्याच्या बियांत उतरले. कुठले झाड लवकर पालवते, कुठले उशिरा. कुठले कोरडा उन्हाळा सोसते, तर कुठले सोसत नाही. गुणांच्या या साठ्याला शास्त्रज्ञ ‘जनुकीय संपत्ती’ म्हणतात.

आपल्या आज्या ज्वारीचे, वालाचे बियाणे राख लावून गाडग्यात जपून ठेवत. मग बीचचे बीही तसेच का ठेवू नये? अडचण अशी, की रानातला बीच पुष्कळदा वयाची पन्नाशी उलटल्यावर बी धरू लागतो. तेही दरवर्षी नाही, काही वर्षांच्या अंतराने एकदा भरपूर. हे बी बेताने वाळवून गोठणबिंदूच्या खाली ठेवले, तरी काही वर्षेच टिकते. शिवाय परागकण वाऱ्याने येतात आणि स्वतःच्या परागाने हे झाड बहुधा फळत नाही. एकट्या उभ्या झाडाखालचे बी पुष्कळदा पोकळ निघते. म्हणून बीचचे खरे कोठार म्हणजे त्याचे जिवंत रान.

हे ओळखून युरोपातील सरकारांनी 1990 साली स्ट्रासबर्ग येथे एकत्र येऊन वनवृक्षांची जनुकीय संपत्ती राखण्याचा ठराव केला. पुढे 1994 साली ‘युफोर्जेन’ ही अनेक देशांची संयुक्त योजना सुरू झाली. देशोदेशी काही रानं यासाठी नेमून दिली गेली. बीचसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या झाडाच्या अशा रानात बी धरणारी निदान 500 झाडे असावीत, असा दंडक ठरला. या रानांना कुलूप घातलेले नसते. लाकूड काढता येते, मात्र नवी पिढी त्याच रानाच्या बियांतून उभी राहिली पाहिजे. काही प्राचीन बीचवने मात्र पूर्ण संरक्षित आहेत. स्लोव्हाकिया व युक्रेनमधील अशी वने 2007 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आणि 2021 पर्यंत त्या यादीतील बीचवनांचा विस्तार 18 देशांत झाला.

राखणे झाले, आता वापराचा प्रश्न. नवे रान लावायचे तर बी कुठले घ्यावे? युरोपीय संघाने 1999 साली नियम करून विक्रीच्या बियांचे मूळ ठिकाण नोंदवणे सक्तीचे केले. 1990 च्या दशकात शास्त्रज्ञांनी युरोपभरचे बी गोळा करून त्याची रोपे अनेक देशांत शेजारी-शेजारी लावून पाहिली. दिसले असे, की आग्नेय युरोपातली रोपे लवकर पालवतात, पश्चिमेकडची उशिरा. लवकर पालवलेल्या रोपावर उशिराचे दहिवर पडले, की कोवळी पाने करपतात.

आणि इथेच पेच आहे. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्याने जर्मनीत कितीतरी बीचचे शेंडे वाळले. काहींचे म्हणणे, की उष्ण मुलखातले बी उत्तरेकडे आणावे. परंतु उन्हातून वाचलेले रोप दहिवराने गेले तर? दुसरीकडे, त्याच जर्मनीत एक झाड वाळलेले आणि शेजारचे हिरवेगार, असेही आढळले. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा जोड्यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा 100 हून अधिक ठिकाणी फरक मिळाला. म्हणजे दुष्काळ सोसणारी झाडे परमुलखातच आहेत असे नाही. ती त्याच रानात, चारचौघांत उभी आहेत.

आता विचार करा. लाकडाच्या व्यापाऱ्याला सरळ, उंच, देखणे खोड हवे. म्हणून निवडक देखण्या झाडांचेच बी घेतले आणि वाकडी, बुटकी झाडे तोडून टाकली असती, तर दुष्काळ सोसण्याचा गुण कदाचित त्या वाकड्या झाडाबरोबरच गेला असता. आज लावलेले रोप शंभर वर्षांहून अधिक काळ उभे राहायचे आहे. तेव्हाची हवा कशी असेल, हे आज कोण छातीठोकपणे सांगेल? म्हणून थोडा नफा कमी झाला तरी चालेल, पण नाना तऱ्हेची झाडे राखावीत, हेच शहाणपणाचे आहे.

यातून आपल्यालाही घेण्याजोगे आहे. पावसाळ्यापूर्वी वस्तीत, शाळेत रोपे तयार करताना आपण जवळच्या एकाच करंजाखालच्या किंवा कडुनिंबाखालच्या बिया उचलतो. तसे करू नका. मुलांना सांगा, निरनिराळ्या ठिकाणच्या, एकमेकांपासून दूर असलेल्या वीस-पंचवीस निरोगी झाडांखालच्या थोड्या-थोड्या बिया आणा आणि त्या मिसळून लावा. बिया कुठून आणल्या, हे वहीत टिपून ठेवा. खर्च काही नाही, थोडी पायपीट आहे. पण त्यातून वाढलेल्या झाडांवर एखादी कीड किंवा दुष्काळ आला, तर सारी एकदम जाणार नाहीत आणि आपल्या नातवंडांना सावली उरेल.