शुल्काची पावती आणि तिसरीतलं वाचन

शाळा जूनमध्ये भरते, पण पैशांची जुळवाजुळव आदल्या दिवाळीपासूनच सुरू होते. शहरांतल्या बऱ्याच खासगी शाळांचे ज्युनियर केजीचे अर्ज थंडीतच निघतात. मूल तीन-साडेतीन वर्षांचं असतं, त्याला अजून चपलेचा डावा-उजवा कळत नसतो, आणि घरात मात्र त्याच्या दहावीपर्यंतचा निर्णय व्हायचा असतो. कुणी भिशी उचलतं, कुणी सोनं तारण ठेवतं, कुठे आजोबांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लागतो. नाशिक, पिंपरी, कल्याण, कोल्हापूर, कुठेही जा, डिसेंबर-जानेवारीत हेच बोलणं कानावर येतं: ‘शाळा घेतली का?’ शाळेत घालणं कधी मागे पडलं आणि शाळा ‘घेणं’ कधी रूढ झालं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एक साधा हिशेब मांडू. ज्युनियर केजीचं शुल्क वर्षाला ८० हजार रुपये आहे आणि दर दोन वर्षांनी ते १५ टक्क्यांनी वाढतं, असं धरू. मूल दहावीला पोहोचेल तेव्हा वर्षाचं शुल्क एक लाख ६० हजारांच्या पुढे गेलेलं असेल आणि १२ वर्षांची बेरीज १४ लाख रुपये होईल. दोन मुलं असतील तर २८ लाख. यात बस नाही, गणवेश नाही, सहल नाही, क्लासही नाही. आणि खरा खर्च तर दहावीनंतर उभा राहतो. अकरावी-बारावीचे क्लास, मग अभियांत्रिकी, नर्सिंग किंवा जे काही असेल ते. केजीपासूनच घरातली शिल्लक आटत गेली, तर ऐन गरजेच्या वेळी शैक्षणिक कर्जाशिवाय दुसरी वाट उरत नाही.

पावती हातात घेऊन नीट बघितली पाहिजे. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, संगणक, स्मार्ट क्लास, ग्रंथालय, उपक्रम, स्नेहसंमेलन, परत मिळणारी अनामत. आठ-दहा ओळी असतात. त्यातल्या कोणत्या ओळीतून वर्गशिक्षिकेचा पगार निघतो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. खरं तर सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. गल्लीतल्या मध्यम शुल्काच्या कितीतरी इंग्रजी शाळांमध्ये शिक्षिकेला महिन्याला हाती पडणारी रक्कम एका मुलाच्या दोन-तीन महिन्यांच्या शुल्काइतकीही नसते. मग ती दिवाळीनंतर दुसरीकडे जाते आणि मूल घरी येऊन सांगतं, ‘आज नवीन मॅडम आल्या.’ वर्षात दोनदा-तीनदा हे वाक्य ऐकलेल्या पालकांनी पावती पुन्हा काढून बघावी. पैसे रंगीत भिंतींना गेले की शिकवण्याला, याचा अंदाज त्यातून येईल.

देशपातळीवरचे आकडेही डोळे उघडणारे आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात २०२५ मध्ये शालेय शिक्षणावरचा घरखर्च मोजला गेला. सरकारी शाळेतल्या एका विद्यार्थ्यामागे कुटुंब वर्षाला सरासरी २,८६३ रुपये खर्च करतं आणि बिगरसरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यामागे २५,००२ रुपये. जवळपास नऊपट. त्याच पाहणीत दिसलं की २७ टक्के विद्यार्थी क्लासलाही जातात आणि शहरांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या पुढे आहे. भरपूर शुल्क घेणाऱ्या शाळेतलं मूल चौथीपासूनच क्लासला जात असेल, तर पालक एकाच शिकवण्याचे दोनदा पैसे मोजत आहेत. त्यांनी शाळेला सरळ विचारायला हवं, की दिवसाचे सहा तास मूल इथे असतं, त्यात काय राहून जातं?

पैसे जास्त म्हणजे शिक्षण चांगलं, या समजुतीची सगळ्यात काटेकोर परीक्षा झाली ती आंध्र प्रदेशात. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून चार वर्षं तिथल्या १८० गावांत एक प्रयोग चालवला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून अर्ज घेतले, चिठ्ठ्या काढल्या आणि ज्यांचं नाव निघालं त्यांचं गावातल्या खासगी शाळेचं शुल्क भरलं. चिठ्ठीनं निवड झाल्यामुळे ‘खासगीत जाणारी मुलं मुळातच सधन घरची’ ही नेहमीची अडचण उरली नाही. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडच्या मुलांमध्ये फरक निघाला नाही. फरक पडला तो हिंदीत, कारण हिंदी खासगी शाळा शिकवत होत्या आणि सरकारी शाळा जवळजवळ शिकवतच नव्हत्या.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता आणि तेलुगू-गणिताला त्या कमी तासिका देत होत्या. एवढ्यावर त्या सरकारी शाळेच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या, याचं श्रेय त्यांना आहे, आणि सरकारी व्यवस्थेनं त्याचा विचार करायला हवा. पण घर चालवणाऱ्या आईचा प्रश्न वेगळा असतो. तिला एवढंच जाणून घ्यायचं असतं की आपण पैसे भरले तर आपल्या पोराचं गणित सुधारेल का. तिथल्या त्या शाळांपुरतं उत्तर ‘नाही’ असं आलं.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालांत खासगी शाळांची मुलं पुढे दिसतात, हे खरं. २०१८ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या सुमारे ४४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. खासगी शाळांत हे प्रमाण ६५ टक्के होतं. पण या फरकात आईचं शिक्षण, घरातली पुस्तकं, संध्याकाळची शिकवणी हे सगळं मिसळलेलं आहे. आणि तो आकडा उलटा वाचला तर पोटात गोळा येतो. शुल्क भरूनही पाचवीच्या १०० मुलांपैकी ३५ मुलांना दुसरीचं वाचता येत नव्हतं.

तरीही पालकांना वेड्यात काढणं चूक आहे. चार इयत्ता आणि दोन शिक्षक, त्यातला एक निवडणुकीच्या कामाला आणि दुसरा ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला, अशी शाळा ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना दोष देता येत नाही. इंग्रजीवाचून आपलं अडलं, मुलाचं अडू नये, ही तळमळही खोटी नाही. कॉल सेंटरपासून कोर्टापर्यंत कुठे कोणती भाषा चालते, हे त्यांनी स्वतः सोसलेलं असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. इंग्रजी यावं यासाठी सगळे विषय इंग्रजीतूनच शिकायला हवेत, असं गृहीत धरलं जातं. मग घरात कुणालाच गृहपाठ वाचता येत नाही, परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं अर्थ न कळता पाठ होतात आणि वह्या मात्र भरलेल्या दिसतात.

महाराष्ट्राकडे यावर स्वतःचा असा मधला रस्ता आहे आणि त्याचाच विसर पडत चालला आहे. ‘खासगी शाळा’ म्हटलं की आज डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. पण चिपळूणकर, टिळक आणि आगरकरांची १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल खासगीच होती. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्थाही खासगीच. अशा हजारो शाळांतल्या शिक्षकांचा पगार पुढे सरकारी अनुदानातून होऊ लागला. संस्था खासगी, पगार सरकारी, शुल्क नाममात्र. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर नव्या शाळा बहुतेक बिनअनुदानाच्याच निघाल्या आणि ‘खासगी’ या शब्दाचा अर्थच पालटला. अनुदानित मराठी शाळा मात्र अजूनही बऱ्याच गावांत आणि पेठांत उभी आहे. पात्रता असलेले कायम शिक्षक, मोठं मैदान, आणि बऱ्याच ठिकाणी सेमी-इंग्रजीची तुकडी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. पहिलीपासून इंग्रजी तर रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, मराठी शाळांतही आलंच आहे. शुल्कावर वर्षाला लाख रुपये घालायला निघालेल्या किती घरांनी ही शाळा आत जाऊन पाहिलेली असते? नाक्यावर आहे, जुनी आहे, आपण तिथेच शिकलो, म्हणून ती यादीतच येत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. पैसा सगळ्यांना पुरत नाही तेव्हा मुलगा इंग्रजी शाळेत आणि मुलगी जिल्हा परिषदेत, अशी वाटणी घराघरांत होते. खासगी शाळांच्या पटावर मुलींपेक्षा मुलगे जास्त, हे ग्रामीण पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. एका लेकराच्या बसचे पैसे निघावेत म्हणून दुसरीनं दोन किलोमीटर चालायचं, हा खर्च कुठल्याच पावतीत दिसत नाही. दोघांनाही परवडेल तीच शाळा त्या घराची खरी ऐपत आहे.

ज्यांना शुल्क परवडतच नाही त्यांच्यासाठी शिक्षण हक्क कायद्यानं २५ टक्के जागांचं दार उघडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून ते जवळजवळ बंदच केलं होतं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा देण्याचं बंधन नाही, असा तो बदल होता. मुंबई उच्च न्यायालयानं आधी स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, हे फार बरं झालं. पण या वाटेनं जाणाऱ्या पालकांनाही पुढचं दिसायला हवं. मोफत शिक्षणाची ही हमी आठवीपर्यंतच आहे. वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे म्हणून प्रवेश मिळालेल्या घरापुढे नववीच्या जूनमध्ये पूर्ण शुल्काची पावती येते. तेव्हा मूल १४ वर्षांचं असतं, मित्र तिथे असतात, माध्यम बदलणं जड जातं. ही सवलत दहावीपर्यंत न्यायला हवी. मूल अर्ध्या वाटेत सोडणारा हक्क अपुरा आहे.

सरकारी शाळा चांगली चालली तर पालक तिच्याकडे वळतात, याचे पुरावे याच राज्यात आहेत. मुंबई महापालिकेनं २०२० नंतर केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम असलेल्या शाळा सुरू केल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त येऊन सोडत काढावी लागली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरून बंद पडायच्या बेतात होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी ती उभी केली आणि २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार घेऊन आले, तेही जिल्हा परिषदेच्या शाळेतूनच. प्रत्येक शाळा अशी नाही, हे उघड आहे. पण आपल्या वाडीवरची शाळा कशी आहे, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

शुल्क भरणं योग्य ठरेल अशीही घरं आहेत. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्याला केंद्रीय मंडळाची शाळा सोयीची पडते. वाचन-अक्षमता किंवा ऐकण्याची अडचण असलेल्या मुलाला विशेष शिक्षक हवा असतो आणि तो जिथे असेल तिथे जावंच लागतं. जवळच्या सरकारी शाळेत शिक्षकच नसेल, तर चर्चा तिथेच संपते. बाकीच्यांनी, म्हणजे बहुसंख्य नोकरदार आणि लहान व्यावसायिक घरांनी, वर्षाचं शुल्क दीड-दोन महिन्यांच्या मिळकतीपेक्षा जास्त असेल तर थांबून विचार करावा, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

आणि जिथे प्रवेश घेतला आहे तिथे शुल्कावर बोलण्याचा हक्क वापरावा. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्कवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर यावा लागतो. त्या समितीवरचे पालक इच्छुकांतून सोडतीनं निवडले जातात. एकदा ठरलेलं शुल्क दोन वर्षं बदलता येत नाही. नंतरच्या दुरुस्तीनं तक्रारीसाठी २५ टक्के पालक एकत्र येण्याची अट घातली, ती जाचक आहे आणि काढायलाच हवी. पण समितीसाठी नावं द्यायला पालकच पुढे येत नाहीत, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. शुल्कवाढीवरचा राग मग व्हॉट्सॲपच्या गटातच विरून जातो.

शाळा पारखायला फार काही लागत नाही. ‘असर’चे स्वयंसेवक करतात तेच करावं. ज्या शाळेचा विचार चालू आहे तिथल्या, आपल्या सोसायटीत किंवा आळीत राहणाऱ्या तिसरी-चौथीच्या दोन-तीन मुलांना घरी बोलवावं. पुढ्यात खाऊ ठेवावा. दुसरीच्या पुस्तकातला, त्यांनी न वाचलेला एखादा उतारा द्यावा आणि वाचून झाल्यावर ‘यात काय झालं?’ असं विचारावं. हातच्याची एक वजाबाकी द्यावी, तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला सांगावं. मग जवळच्या अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनाही तेच द्यावं. अर्धा तास पुरतो. त्यानंतर दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून तीन गोष्टी विचाराव्यात: पहिलीला कोण शिकवतं, ते इथे किती वर्षं आहेत, आणि वर्गात पंधरा मिनिटं मागच्या बाकावर बसता येईल का. हे सगळं डिसेंबरच्या एखाद्या शनिवारी, अनामतीचा चेक लिहिण्याआधी करावं.