खडकवासल्याची वाट आठवीपासून

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. “भाऊ, पोराला मिलिटरीत ऑफिसर करायचंय, कुठला क्लास लावू?” आम्ही आधी पोराची जन्मतारीख विचारतो, मग अकरावीत गणित होते का ते विचारतो, आणि बहुतेक वेळा तिथेच बोलणे अडते. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली एनडीए, साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातच गाठावी लागते. परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे हातात फार तर तीन-चार संधी, आणि त्यातल्या पहिल्या दोन आपण “आधी बारावी होऊ दे” म्हणत घालवतो.

सैन्य आपल्या घरांना नवे नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांची उभी हयात पलटणीत गेली. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. पण आपल्या वस्तीत शोधा. पेन्शनीत आलेले नाईक, हवालदार, फार तर सुभेदार भेटतील. खांद्यावर लेफ्टनंटचे तारे मिरवलेला माणूस शोधायला बरेच हिंडावे लागते. आणि एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. एनडीएत राखीव जागा नाहीत. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला अर्जाची फी माफ आहे, एवढीच सवलत. पुढचे सगळे स्वतःच्या बळावर.

लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात गणिताचे ३००. अडीच तासांत १२० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात. उरलेल्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे. आमचे स्पष्ट मत असे की आपली पोरे धावण्यात मार खात नाहीत, या गणितात खातात. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे खरे. म्हणून कला शाखेतला मुलगा अर्ज भरतो. पण प्रश्नपत्रिका तीच अकरावी-बारावीच्या गणिताची असते. ज्याला जायचे आहे त्याने आठवी-नववीतच बीजगणित पक्के करावे आणि दहावीनंतर गणित सोडू नये.

शरीराचे म्हणाल तर जाहिरातीत वर्षानुवर्षे एक सल्ला छापला जात असे: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत पळणे, किमान २० जोर, आठ चिन-अप्स, तीन-चार मीटर दोर चढणे. हे आरंभाचे माप समजा. पहिला महिना चालणे आणि पळणे आलटून-पालटून ठेवा. डांबरी रस्ता टाळा, मातीवर पळा. एकदम अंतर वाढवले की नडगी दुखू लागते आणि महिना वाया जातो. आठवड्यातला एक दिवस विश्रांतीचा हवाच. डब्यातली महागडी पावडर आणू नका. भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, अंडी, गूळ-शेंगदाणे, यावर पोर उत्तम तयार होते. पोहणे मात्र आत्ताच शिकवा. प्रबोधिनीत ते प्रत्येकाला यावेच लागते. ज्या विहिरींवर आपल्या आजोबांना पोहरा टाकू दिला नाही, त्याच विहिरीत आज नातवाला पाठीला डबा बांधून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, खुशाल उतरवा.

पण तीन वर्षांचा तो अभ्यासक्रम खरा कठीण कशामुळे आहे? पहाटे कवायत, मग वर्ग, संध्याकाळी खेळ, रात्री पुन्हा अभ्यास; आणि शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही मिळवायची. दमलेल्या अंगाने, मिटत्या डोळ्यांनी पुस्तकात लक्ष घालणे, ही तिथली कसोटी. म्हणून सरावही तसाच करावा. पळून आल्यावर आंघोळ करून लगेच गणिताची वही उघडावी. पहाटे पेपर टाकून शाळेला जाणारा मुलगा हे रोज करतोच आहे. त्याची अर्धी तयारी झाली आहे, पण ते त्याला कोणी सांगत नाही.

लेखी पार पडली की निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, तीही ९०० गुणांची. पंधरा सेकंदांना एक असे साठ शब्द दाखवतात आणि मनात आले ते वाक्य लिहायला लावतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात. दोर आणि फळ्या देऊन गटाला अडथळा पार करायला लावतात. क्लासवाल्यांनी घोकून घेतलेली उत्तरे इथे उघडी पडतात. जयंतीची वर्गणी गोळा करणारा, मंडप उभा करणारा, हिशेब फळ्यावर लावणारा पोरगा हेच काम दरवर्षी करत असतो. मात्र मुलाखतीत विचारले तर “काही विशेष नाही, सर” म्हणून गप्प बसतो. त्याला रविवारी विहारात उभे करा आणि कोणत्याही विषयावर तीन मिनिटे बोलू द्या. आधी मराठीत, मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत. हसणाऱ्यांना आम्ही बघून घेऊ. पहिल्या मुलाखतीचे रेल्वेभाडे परत मिळते, तेव्हा तिकीट जपून ठेवावे.

मुलींच्या आईवडिलांनी हे पान उलटू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ साली मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या. दहावीनंतर दोन वर्षे याच तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलांची १९७७ पासून औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात. मुलींची २०२३ पासून नाशिकला. तिथला अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो.

आता कारकून म्हणून दोन शब्द. रंगांधळेपणा, सपाट पाऊल, किडके दात, कानातला मळ, यांची तपासणी सरकारी दवाखान्यात नववीतच करून घ्या. मळ निघतो, दात भरता येतात. रंगांधळेपणाला औषध नाही, तो असेल तर पोराला वेळीच दुसरी वाट दाखवता येईल. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही बौद्धांना अनुसूचित जातीत धरले. त्यासाठीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढावा, राज्याचा जुना दाखला पुढे करून वाद घालू नये. आणि नावे तपासा. कांबळे हे आडनाव इंग्रजीत एका कागदावर जादा ‘ए’ घालून आणि दुसऱ्यावर त्याशिवाय लिहिलेले आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. ती दुरुस्ती चार दिवसांत होत नाही. दहावीचा फॉर्म शाळेत भरला जाईल त्या दिवशी बापाने अर्धा दिवस रजा टाकून स्वतः जावे आणि एकेक अक्षर वाचूनच सही करावी.